अंगावर धावून येणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही काय उत्तर देता?

आठवी_गल्ली

नमस्कार मंडळी,

आमच्या थोरल्या लेकीनं गेल्या दिवाळीत लायसन काढलं आणि आता ती रोज गाडी घेऊन गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला जाते. राजारामपुरीतून सायबर चौक, शाहू नाका, उजळाईवाडी आणि पुढं हायवे. गाडी चांगली चालवते. हे आई म्हणून नाही, शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसणारी भित्री बाई म्हणून सांगते.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला क्लच, रिव्हर्स, चढावर थांबवून पुन्हा गाडी उचलणं, सगळं शिकवलं. समोरचा माणूस पिसाळला तर काय करायचं हे कुणी शिकवलं नाही. परवा शाहू नाक्याजवळ एका पिकअपवाल्याला वाटलं हिनं कट मारला. त्यानं पुढं जाऊन गाडी आडवी लावली, खाली उतरला, बॉनेटवर हात आपटला आणि जे काय बोलायचं ते बोलला. हिनं काच वर ठेवली आणि समोर बघत बसली. मागून केएमटीची सिटी बस आली, तिनं हॉर्न धरला, तसा तो गेला.

आता घरात तीन पक्ष पडलेत. यजमान म्हणतात, केलं ते बरोबर केलं. धाकटे दीर म्हणतात, "उतरून दोन शब्द सुनवायला पाहिजे होते, कोल्हापूरची पोरगी आणि गप्प बसली?" सासूबाई म्हणतात, गाडी बंद करा, कंपनीच्या बसनं जाऊ दे. सासूबाईंचं मी ऐकणार नाही एवढं नक्की. बाकी दोघांत माझं अजून ठरेना.

म्हणून विचारते. काय करायला पाहिजे ते नको, ते सगळ्यांनाच माहीत असतं. तुम्ही स्वतः काय करता ते लिहा.

पेठेतला

काच निम्मी खाली घ्यायची आणि शांतपणे विचारायचं, "कुठल्या तालमीचा भावा?" निम्मी माणसं तिथंच गार पडतात.

निपाणीकर

आणि उरलेली निम्मी खरंच तालमीतली निघाली तर?

पेठेतला

मग पावणं निघतं. कोल्हापुरात तिसऱ्या वाक्याला कोण ना कोण पावणा निघतोयच. माझा एकदा आत्याचा दीर निघाला. शिव्या देऊन झाल्यावर चहा पाजला त्यानं.

जाळ_धूर

ताई, तुमच्या दिरांचं बरोबर आहे. ऐकून घेतलं की माणूस चढतो. आज बॉनेटवर हात मारला, उद्या काचेवर मारेल. माझ्या सीटखाली दांडकं असतं. वापरायची वेळ आलेली नाही, नुसतं काढून मांडीवर ठेवलं तरी समोरच्याचा आवाज खाली येतो.

चौदा_चाकी

आवाज खाली येतो हे खरं, पण दुसऱ्याच्या सीटखाली काय हाय ते आपल्याला माहीत नसतंय.

मी कोल्हापूर-बेंगळूर लाईनला. आता गाड्या माझ्या हायत, पण ड्रायव्हर सुट्टीवर गेला की मीच बसतो. ट्रकवाल्याला राग येत नाही असं नाही, परवडत नाही. भांडण झालं, पोलीस आले, की गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहते. मागं टोमॅटो असला तर तो काय पंचनामा होईपर्यंत दम धरत नाही. भाडं गेलं, व्यापारी तुटला, हप्ता मात्र तारखेला जातोच. आणि कार-ट्रक एकमेकांना लागले तर जमलेली माणसं आधी ट्रकच्या ड्रायव्हरला खाली ओढतात, चूक कुणाची का असेना.

कारवाल्यांना वाटतं आपण मुद्दाम साईड दिली नाही. मग पुढं येऊन खुन्नसनं ब्रेक मारतात. मागं वीस-पंचवीस टन माल असताना ब्रेक दाबला म्हणजे गाडी उभी राहिली असं होत नाही, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. अशा वेळी मी पाय उचलतो, इंडिकेटर देऊन डाव्या अंगाला जातो. तरी तो पुढंच रेंगाळला तर ढाब्यावर गाडी लावून चहा घेतो. चहा संपेपर्यंत तो कुठल्या कुठं गेलेला असतोय. आपण जिंकलो असं त्याला वाटत असेल तर वाटू दे.

डिपर मारायचा नाही, हॉर्न मारायचा नाही, आणि त्याच्या तोंडाकडं तर बघायचंच नाही.

आक्का_बावडेकर

चौदा_चाकी भाऊ, ट्रकातनं दिसत नसंल, पण बाई चालवत असली की राग चूक व्हायच्या आधीच तयार असतोय. मी स्कुटीवर असलो काय आणि गाडीत असलो काय. सिग्नल सुटायच्या आत मागचा हॉर्न मारतोय, शेजारी येऊन आत डोकावतोय आणि "वाटलंच" असं तोंड करून पुढं जातोय. शिवी नसती, पण ते तोंड शिवीपेक्षा जास्त झोंबतंय.

मी हात वर करतो. चूक माझी असो नसो, तळवा दाखवून "जावा, जावा" म्हणतो. बहुतेक लोक तेवढ्यावर जातात. उतरून आलाच तर दारं लॉक, काच वर आणि मोबाईल कानाला. नवऱ्याला लावत न्हाई, तो उचलतच न्हाई. ११२ लावतो.

तिकटी

"तो उचलतच न्हाई" हसून हसून पुरेवाट

जाळ_धूर

चूक नसताना हात वर करायचा, हे मला पटत नाही. धक्का लागलेला असला आणि तुम्ही हात वर केला की तो म्हणणार, बघा, कबूल केलं, आता बंपरचे पैसे काढा.

कोर्टाची_पायरी

जाळ_धूर, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, म्हणून आधी तेच घेतो. धक्का लागलाय तेव्हाचं वागणं वेगळं आणि नुसता राग आहे तेव्हाचं वेगळं. धक्का लागून कुणाला इजा झाली असेल तर नुसतं निघून जाता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ड्रायव्हरचं काम आहे. खवळलेल्या जमावामुळं ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, असंही त्याच कलमात लिहिलंय. १९८८ साली कायदा करणाऱ्यांना आपली माणसं बरोबर माहीत होती. गाडीचंच नुकसान असेल तर फोटो काढा, नंबर लिहून घ्या, जागेवर नोटा मोजू नका. आणि नुसता राग असेल तर हात वर करून पुढं जाण्यानं कबुलीजबाब होत नाही, निर्धास्त राहा.

आता ताईंच्या लेकीचा प्रसंग. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळं पाठ असलेले जुने आकडे विसरा. शिवीगाळ (३५२), साधी धमकी (३५१), साधी मारहाण (११५) ही प्रकरणं अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतात आणि आपण तोंड पाडून घरी येतो. पण गाडी आडवी लावून वाट अडवणं (१२६) दखलपात्र आहे. बेदरकारपणे गाडी हाकणं (२८१) सुद्धा. लोक काय करतात, तक्रारीत सगळ्या शिव्या सविस्तर लिहितात आणि "माझी गाडी अडवली" एवढंच लिहायचं राहून जातं. ते पहिल्या ओळीत लिहा.

दांडक्याबद्दल. दांडकं किंवा पाना बाहेर आला, त्यानं इजा झाली आणि ते घातक हत्यार ठरलं, तर कलम ११८. दखलपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. स्वसंरक्षणाचा हक्क सगळ्यांना आहे, पण हल्ल्याचा धोका असेतोवर आणि गरजेपुरताच. सीटखाली आधीच आणून ठेवलेलं दांडकं कोर्टात तुमच्या बाजूनं बोलेल असं समजू नका.

आणि नुसता हातसुद्धा स्वस्तात पडत नाही. नवज्योतसिंग सिद्धूंचं प्रकरण आठवा. २७ डिसेंबर १९८८, पतियाळा. भर रस्त्यात गाडीवरून बाचाबाची, मारहाण, आणि ६५ वर्षांचे एक गृहस्थ गेले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक हजार रुपये दंडावर सोडलं होतं. फेरविचार याचिकेत १९ मे २०२२ रोजी एक वर्षाची सक्तमजुरी झाली, घटनेनंतर तेहतीस वर्षं उलटून गेल्यावर. मुष्टियोद्धा, पैलवान, क्रिकेटपटू असा दणकट माणूस मारतो तेव्हा त्याचा हातही हत्यार ठरू शकतो, असं त्या निकालात म्हटलंय. यातला "पैलवान" पेठेतल्या मंडळींनी दोनदा वाचावा.

पेठेतला

वाचला. तालमीचं नाव विचारणं आजपासून बंद.

निपाणीकर

आता हायकोर्टाचं सर्किट बेंचपण गावातच आलंय. मुंबईचा हेलपाटा वाचला म्हणून लोकांनी हौसेनं भांडू नये म्हणजे मिळवली.

एमएच_बारा

मूळचा उत्तरेश्वर पेठेतला, आता पोटापाण्यासाठी पुण्यात. तिथं भांडण वेगळं असतं. समोरचा उतरत नाही, अंगावर येत नाही. काच खाली करून "आपल्याला दिसतं ना नीट?" एवढंच विचारतो आणि निघून जातो. आपण रात्री झोपेपर्यंत मनातल्या मनात उत्तरं तयार करत बसतो.

पण माझी तक्रार उलटी आहे. सणावाराला गावी येतो तेव्हा एमएच १२ दिसलं की तावडे हॉटेलपासूनच लोक हॉर्न मारायला लागतात. मी इथलाच आहे हे गाडीवर लिहून आणू का?

तिकटी

इंडिकेटर न देता वळता म्हणून मारतात.

एमएच_बारा

दिला की मागचा जोरात घुसतो. नाही दिला की शिवी खायची.

तिकटी

एमएच ०९ नंबर घ्या. मग इंडिकेटर दिला नाही तरी चालतंय.

रंकाळा_राउंड

माणसांच्या रागाबद्दल सगळे बोलताय, रस्त्याबद्दल कोण बोलेना. सातारा-कागल सहापदरीकरणाची कामं, वाहतूक कधी सर्व्हिस रोडला तर कधी परत वर. आज जिथनं वळलो तिथं उद्या बॅरिकेड. त्यात रविवारी अंबाबाईला आलेल्या गाड्या, त्यांना रस्ता माहीत नसतो, त्या बिंदू चौकात मध्येच थांबून विचारतात. समोरून येणाऱ्यानं पांढरेफेक एलईडी बसवलेले, डिप्पर करायचं नावच नाही.

आणि हंगाम सुरू झाला की ऊस. डबल ट्रॉली, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, टेप इतका मोठा की तुम्ही कितीही हॉर्न मारा, त्याला ऐकूच जात नाही. मागचा माणूस तीन-चार किलोमीटर त्याच्या मागं तापत येतो. ट्रॉलीचं तर काय वाकडं करू शकत नाही. मग फाट्यावर पुढं निघाला की पहिला जो आडवा येईल त्याच्यावर काढतो. पिकअपवाला त्या दिवशी कुणावर तापून आला होता काय माहीत.

उसाचा_फड

आमच्यावर घसरू नका. तोडलेला ऊस वेळेत काट्यावर गेला नाही तर वाळतो, वजन घटतंय. कारखान्याच्या गेटवर ट्रॉल्यांची रांग असती, तिथं रात्र काढून ड्रायव्हर परत निघालेला असतो. टेप शौक म्हणून नसतो, डोळा लागू नये म्हणून असतो. तुम्ही तापत येताय तीन किलोमीटर, तो जागा हाय कालपासून.

रिफ्लेक्टरचं मात्र बरोबर हाय. ते पाहिजेतच.

आक्का_बावडेकर

टेपचं पण बरोबर हाय की. आमच्या घराला हादरे बसतात.

अभ्यासू_कावळा

(कावळा नाक्याला राहतो म्हणून कावळा. अभ्यासू हे स्वतःच लावून घेतलंय.)

रंकाळा_राउंड म्हणतात ते निम्मं पटतं. रस्ता माणसाला तापवतो हे खरं, पण वाफ कुठं सोडायची ते माणूस निवडून सोडतो. १९६८ मध्ये अमेरिकेत अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या दोघांनी एक गमतीदार प्रयोग केला होता. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवायची नाही, आणि मागचा हॉर्न मारतो का, किती वेळानं मारतो ते टिपून घ्यायचं. एका वेळी चकचकीत महागडी गाडी, दुसऱ्या वेळी जुनाट. बारा सेकंदांच्या आत हॉर्न खाण्यात जुनी गाडी बरीच पुढं निघाली. वेळ तीच, अडवणूक तीच, मागं थांबणारे लोकही तसलेच.

म्हणजे "मला राग आवरत नाही" हे जे आपण म्हणतो ते तितकंसं खरं नाही. समोर कोण आहे ते बघून तो व्यवस्थित आवरतो. आक्कांना जो अनुभव येतो तो याच जातीचा. बाई, शिकाऊचा लाल "एल", जुनी गाडी, परगावचा नंबर, यांच्यावर तोंड पटकन सुटतं. फॉर्च्युनरच्या बॉनेटवर कुणी हात आपटलेला मी तरी बघितला नाही.

पेठेतला

आठवी_गल्ली, फॉर्च्युनर घ्या. धागा संपला.

आठवी_गल्ली

तिचा हप्ता ऐकून मीच रस्त्यावर उतरून भांडेन.

वडाप_स्पेशल

एवढे सगळे बोलले, आता ज्याच्याबद्दल बोलताय तो बोलतो. गगनबावडा लाईनला वडाप, म्हणजे शेअर जीप, मारायचो, आता टूरची गाडी हाय. हॉर्न मारणारा, डिपर देणारा, काच खाली करून बोलणारा तो मीच. आणि मला त्यात काय वावगं वाटत नाही. उजव्या लेननं चाळीसच्या स्पीडनं मोबाईल बघत चाललेल्याची काय आरती ओवाळू? आमच्या धंद्यात पाच मिनिटं उशीर म्हणजे पुढच्या गाडीनं पॅसेंजर उचलला.

पण आतली गोष्ट सांगतो. आमचा राग एका चौकाचा असतोय. पुढच्या चौकात दुसरा कोण तरी भेटतोय, पहिला डोक्यातनं जातोय. लांबतो कधी? समोरचा डोळ्याला डोळा लावून बघत राहिला, हातवारे केले, नाहीतर पुढं येऊन परत ब्रेक मारला तर. पोरीनं समोर बघितलं हे एक नंबर केलं. बंद काचेशी माणूस किती वेळ भांडणार? चार लोक बघायला लागली की आपलं आपल्यालाच कसंतरी होतंय.

आणि मोबाईल धरून शूटिंग करू नका. मोबाईल दिसला की डोकं डबल फिरतंय. आपला चेहरा गावभर फिरणार ह्या भीतीनं माणूस मोबाईल हिसकावायला बघतो, आणि हिसकावायचा म्हटला की दार उघडायला बघतो. अनुभव हाय.

जाळ_धूर

हा माणूस मला भेटायला पाहिजे होता.

वडाप_स्पेशल

भेटलो पण असंल भावा. एका चौकात.

घाट_वाट

"एका चौकाचा राग" सगळ्यांना लागू नाही. रत्नागिरीहून येताना साखरप्याच्या पुढं एकाला मी ओव्हरटेक केलं, रीतसर, सरळ रस्ता बघून. तेवढंच कारण. आंबा घाट सुरू झाला आणि तो मागं चिकटला. वळणावर अप्पर मारतोय, बाजूला येतोय, दरीच्या बाजूला दाबतोय. गाडीत बायको-मुलं. घाटात थांबायची सोय नाही आणि वेगही वाढवता येत नाही. मी वेग कमी केला, जागा मिळाली तिथं डाव्या अंगाला दाबून त्याला पुढं जायला वाट दिली, तर तो जाईना. तोही हळू.

वर आंब्यात थांबलो नाही. सरळ मलकापूर गाठलं आणि एसटी स्टँडसमोर गर्दीत गाडी उभी केली. तिथं तो शेजारून सावकाश गेला, बघत. बस्स, एवढंच. पण घाट चढेपर्यंत मुलांच्या तोंडातून शब्द नव्हता. त्यामुळं "दुर्लक्ष करा, जातो तो" हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही.

आठवी_गल्ली

घाट_वाट, हेच माझ्या मनात होतं, लिहिताना राहिलं. कंपनीतून सुटायला तिला कधी कधी उशीर होतो. असा कुणी मागं लागला तर तिनं काय करायचं? घरी आली तर त्याला घर कळणार.

स्टेअरिंग_निवृत्त

ताई, घरी आणायचंच नाही.

केएमटीत स्टेअरिंगवर नोकरी काढली, म्हणून थोडं हक्कानं सांगतो. बस घेऊन पळून जाता येत नाही. आत पॅसेंजर भरलेला, त्यातले निम्मे म्हणतात "द्या की एक ठेवून" आणि निम्मे म्हणतात "चला ओ, उशीर होतोय". आम्ही दोन गोष्टी पाळायचो. पहिली, ड्रायव्हरनं सीट सोडायची नाही. बोलायचं असेल तर कंडक्टर बोलेल, त्याला राग आलेला नसतो. ज्याला राग आलाय त्यानं बोलू नये. घरच्या गाडीत कंडक्टर नसतो, पण शेजारी कुणी बसलं असेल तर त्यानं बोलावं.

दुसरी, थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत एवढं अंतर ठेवायचं. दाभोळकर कॉर्नरला असो का हायवेला. तेवढी जागा असली की पुढं कुणी गाडी आडवी लावली तरी स्टेअरिंग कापून बाजूनं निघता येतं. बंपरला बंपर लावून उभं राहिलात की तुम्ही अडकलात, मग तो येऊन दार वाजवणारच. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात, आणि कुणी शिकवत नाही. तुमच्या यजमानांना सांगा, रविवारी लेकीला घेऊन जा आणि एवढंच करून घ्या.

मागं लागला असं वाटलं तर आधी खात्री करायची. एका चौकात गोल फिरून परत त्याच रस्त्याला या. तोही फिरला म्हणजे मागं आहे. मग गल्लीबोळात शिरायचं नाही, उजेड आणि माणसं असतील तिकडं जायचं. पेट्रोल पंप, मोठ्या दवाखान्याचं आवार, नाहीतर ठाणं. तिच्या वाटेवर एका टोकाला गोकुळ शिरगाव ठाणं, दुसऱ्या टोकाला राजारामपुरी. ठाण्याच्या दारात उभं राहून ११२ लावला तरी चालतो. आत जायला लाजू नये.

आक्का_बावडेकर

काका, पाया पडतो तुमच्या. चाकाचं मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं न्हवतं.

कोर्टाची_पायरी

वडाप_स्पेशल यांच्या मोबाईलच्या मुद्द्याला कायद्याचीही जोड आहे. चालवता चालवता हातात मोबाईल धरणं हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं. गुन्हा त्यानं करायचा, शूटिंग तुम्ही करायचं आणि पावती तुम्हालाच.

काचेला लावलेला कॅमेरा बरा. त्याला हात लावावा लागत नाही, समोरच्याला दिसतही नाही. पण मूळ फाइल कापाकापी न करता जपून ठेवा. कोर्टात असा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. व्हॉट्सॲपवर चार ग्रुप फिरून आलेल्या व्हिडिओला समोरचा वकील पहिल्या मिनिटात हात घालतो. मी समोरचा असलो तर मीही घालतो.

जाळ_धूर

बरं. दांडकं टाकून देतो असं म्हणणार नाही. सीटखालून काढून डिकीत ठेवतो.

निपाणीकर

मग ते काढायला खाली उतरून मागं जावं लागणार की.

चौदा_चाकी

ते बरं हाय. मागं जाईस्तोवर सिग्नल सुटतोय.

आठवी_गल्ली

सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीनं सगळा धागा वाचून काढला. तिचं म्हणणं असं:

एक, सगळे "पोरगी, पोरगी" करताय, तिला सव्विसावं चालू आहे. दोन, चाकाचं अंतर तिनं आज सकाळीच करून बघितलं, फक्त सायबर चौकात तेवढी जागा सोडली की मधे दोन मोपेड येऊन उभ्या राहतात. तीन, आक्कांचा हात वर करायचा सल्ला तिला मान्य नाही. चूक तिची असेल तर करेल, नसेल तर करणार नाही. बघणार नाही, बोलणार नाही, काच खाली घेणार नाही, पण तळवाही दाखवणार नाही. मी म्हटलं, अगं, त्यानं काय बिघडतं? तर म्हणाली, "काही बिघडत नाही, पण रोज कशाला?"

आणि पिकअपच्या प्रकरणात तक्रार द्यायची का, तर नंबर तिनं घेतलेला आहे. "वाट अडवली" पहिल्या ओळीत लिहून आज यजमान आणि ती दोघं ठाण्यात जाणार आहेत. काय होतंय बघू.

सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. दिरांनी मात्र कॅमेरा आणून देतो म्हणून कबूल केलंय. कुठला घ्यावा?

आक्का_बावडेकर

रोज कशाला, हे बरोबर हाय तिचं. मी करतो म्हणून तिनं करायला पाहिजे असं न्हाई.

रंकाळा_राउंड

कंपनी कुठलीही घ्या, मेमरी कार्ड साधं घेऊ नका. कॅमेरा सतत पुसून लिहीत असतो, वर उन्हात गाडी तापते, साधं कार्ड लवकर मरतं आणि नेमकं पाहिजे त्या दिवशी काही सापडत नाही. "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं बघून घ्या. अधूनमधून काढून चालतंय का ते तपासा. वायर फ्यूज बॉक्सवरून घ्यायची असेल तर चांगल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. नाहीतर सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावा, तेवढं पुरतंय.

कोर्टाची_पायरी

आणि एक लक्षात ठेवा, हे कॅमेरे गाडीतला आवाजपण रेकॉर्ड करतात. समोरच्याचं वागणं दाखवायला म्हणून फाइल द्याल आणि तुमचंच बोलणं सगळ्यांसमोर वाजेल. दीर शेजारी बसणार असतील तर विशेष.

पेठेतला

म्हणजे पेठेत कॅमेरा लावायची सोयच राहिली नाही की ओ.